टॅन्सीचे सुळे

फेरेटला कुणी डॉक्टरकडे नेत नाही, असं मी हेस्टरला सलग चार दिवस सांगत होतो. फेरेट म्हणजे मुंगसासारखं लांबट जनावर, पण आमच्या दरीत ते अवजार. आठवडाभर शेडमध्ये पेंढ्यात झोपायचं, शनिवारी सशाच्या बिळात शिरायचं आणि ससे हुसकून आमच्या जाळ्यात घालायचे. आजारी पडलंच तर दुसरं आणायचं.

"माझ्या बापानं जन्मात फेरेटच्या दवापाण्यावर एक पेनी खर्च केली नाही," मी म्हणालो.

"आजोबांनी स्वतःच्या दातांवर तरी कुठे केली? लग्नाआधीच सगळे उपटून कवळी बसवून घेतली होती." हेस्टरनं टॅन्सीला खांद्यावरून उतरवून पेटीत ठेवलं. "बाबा, कोट घाला. साडेदहाची वेळ घेतलीय."

हेस्टर माझी एकुलती एक. त्रेचाळीस वर्षांची. वसंतात तिचा संसार मोडला आणि ती दोन बॅगा घेऊन माझ्याकडे आली. दोन महिने खोलीतून बाहेर येईना. चहा दाराशी ठेवायचा आणि तसाच गार झालेला उचलायचा. मग एके दिवशी ती गाडी घेऊन गेली आणि टाकलेल्या फेरेटांना सांभाळणाऱ्या बायकांकडून ही एक मादी घेऊन आली. लांबुळकी, तपकिरी, डोळ्यांवर काळा पट्टा. तिनं माझी सपाट टोपी ओढत सोफ्याखाली नेली, आणि हेस्टर हसली. हे हसू घरात राहावं म्हणून मी काय वाटेल ते केलं असतं.

पण त्या बायकांची एक अट होती. पंधरा दिवसांच्या आत डॉक्टरकडून पूर्ण तपासणी, आणि तिचा कागद त्यांच्याकडे पोचता करायचा. नाही केला तर जनावर परत.

आता खरं सांगतो. मी डॉक्टरला विरोध करत होतो तो बापाच्या नावानं, पण कारण वेगळंच होतं. टॅन्सी आली होती सेथ आर्कलच्या शेडमधून. सेथ माझा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. जानेवारीत गेला, आणि त्याची फेरेटं त्या बायकांनी उचलली. पेटीतून तिनं नाक बाहेर काढलं तेव्हाच मी तिला ओळखलं. तिचे वरचे दोन्ही सुळे मीच कापले होते. पाच वर्षांपूर्वी, तार कापायच्या पक्कडीनं.

फेरेटचे सुळे धारदार असले की ती सशाला बिळातच मारते, पोटभर खाते आणि तिथंच झोपून जाते. मग तुम्ही संध्याकाळपर्यंत फावडं घेऊन टेकडी खणत बसा. सुळे कापले की ती नुसती पळवते, मारत नाही. शिवाय माणसालाही धड चावता येत नाही. माझ्या आज्यानं हे बापाला शिकवलं, बापानं मला, आणि मी निम्म्या गावाला. कायद्यानं ते कधीच बंद झालंय. म्हणून तर शेडचं दार लावून करायचं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तिशीच्या, वेल्सकडच्या. बेथन नाव. बाह्या वर, हातावर जुने ओरखडे. टॅन्सीला बघून त्यांचा चेहराच उजळला.

"काय गं राणी, कुणाकडे आलीस राहायला?" असं म्हणत त्यांनी तिला तराजूवर ठेवलं. वजन कमी भरलं. कानात काडी घालून बघितलं तर काळपट लाल मळ, म्हणजे कानातले किडे. छातीला नळी लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. काळीज ठणठणीत होतं. मग लस टोचली, आणि टॅन्सीला कळू नये म्हणून बोटाला माशाचं तेल लावून चाटायला दिलं.

"खायला काय देता?"

हेस्टरनं माझ्याकडे बघितलं. "बाबा म्हणाले, दुधात भिजवलेला पाव."

"अरे देवा!" बेथनबाई हसल्या. "या भागात प्रत्येक म्हातारा हेच सांगतो. पाव-दुधानं दातांवर किटण चढतं, पोट बिघडतं. मांस द्या, हाडासकट. कोंबडीचे पंख द्या."

"म्हातारा म्हटलं तर राग येतो त्यांना," हेस्टर म्हणाली. "वीस वर्षं जिल्ह्याच्या फेरेट प्रदर्शनात परीक्षक होते ते. लहानपणी आमच्याकडे डचेस नावाची फेरेट होती. जत्रेत सगळ्यांसमोर मी तिच्या तोंडात अख्खं बोट घालायचे. पाच वर्षांची होते मी! लोक टाळ्या वाजवायचे. बाबांची फेरेटं कधीच कुणाला चावली नाहीत. हाताचा गुण म्हणतात ना, तो."

मी भिंतीवरचा गोचिडांचा तक्ता वाचू लागलो.

"मग उत्तमच," बेथनबाई म्हणाल्या. "जाणता माणूस आहे तर तुम्हीच धरा. मानगुटीला धरलं की जांभई देते, तेवढ्यात मला मागचे दात दिसतील."

नाही म्हणायला काही निमित्त सुचेना. मी पुढे झालो. डाव्या हातानं मानगूट धरली, आणि उजवा हात आपोआप जुन्या जागी गेला, अंगठा जबड्याखाली. मी तसं ठरवलं नव्हतं. पन्नास वर्षांची सवय होती ती.

टॅन्सीनं जांभई दिली नाही. तिचं सगळं अंग ताठरलं. मग ती किंचाळली, बारीक, एकसारखी, थांबेचना, आणि माझ्या हातांवर मुतली. मघाशी सुई टोचताना तेल चाटत बसलेली ती.

"हे काय! असं कधीच करत नाही ती!" हेस्टर उठून उभी राहिली.

बेथनबाईंनी अलगद टॅन्सीला माझ्या हातातून काढून घेतलं आणि छातीशी धरलं. किंचाळणं थांबलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, माझ्या हातांकडे बघितलं.

"हिला घरी आणण्याआधी कधी हाताळलंय का तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो.

इतकं सहज निघालं तोंडातून. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवणारा, मुताच्या हातानं उभा राहून खोटं बोलला.

बेथनबाईंनी टॅन्सीला टॉवेलात गुंडाळलं, हळूच ओठ वर उचलला आणि हेस्टरला जवळ बोलावलं. मला बोलावलं नाही, पण मला दिसतच होतं.

"हे बघा. आपोआप तुटलेला दात तिरका तुटतो, कड खडबडीत असते. हे दोन्ही सरळ कापलेत, एकाच उंचीवर. पक्कडीनं. आणि मधोमध हा काळा ठिपका दिसतो का? ती नस. कापली तेव्हा उघडी पडली, मग मेली, मग आतून सडली. वर मुळाशी पू आहे. इथं बोट लावलं की डोळा मिटते बघा."

टॅन्सीनं डोळा मिटला.

"म्हणजे दुखतंय हिला?" हेस्टर टॅन्सीवर वाकली.

"वर्षानुवर्षं दुखत असणार. ही जनावरं दाखवत नाहीत. खातात, खेळतात, म्हणून माणसाला वाटतं की बरं चाललंय." त्यांनी ओठ सोडला आणि तिचं डोकं खाजवलं. "उद्या सकाळी आठला आणा, उपाशीपोटी. भूल देऊन दोन्ही सुळे काढू, बाकीचे खरवडून साफ करू. नंतर रोज बोटावरच्या मऊ ब्रशानं दात घासायचे. ते मी शिकवीन. आज दुखणं थांबायचं औषध देते."

"कोण करतं असं? कसली माणसं असतात ही?" हेस्टरनं विचारलं, आणि मग तिचं तिनंच उत्तर काढलं. "सेथकाका. जानेवारीत वारले ते. त्यांच्या शेडमधून आली ना ही? बाबा, सेथकाकांनीच केलं असणार!"

मी मान हलवली. होय अशी. बोलूनसुद्धा नाही, नुसती मान. माझा दोस्त सहा महिने मातीखाली होता, त्याच्या शवपेटीला मी खांदा दिला होता, आणि आता त्याच खांद्यावरची मान हलवून मी माझं पाप त्याच्या अंगावर टाकलं.

बेथनबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. "गेलेल्या माणसावर काय तक्रार करणार?" त्या म्हणाल्या, आणि या वेळी मात्र त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

परतीच्या वाटेवर हेस्टर गाडी चालवत होती आणि बोलत होती. टॅन्सी मागच्या सीटवर पेटीत झोपली होती.

"त्यांच्या घरी केक खाल्लेत मी. त्यांच्या मांडीवर बसलेय. आणि हा माणूस शेडमध्ये जाऊन हे करत होता! तुम्हाला कधी संशय आला नाही, बाबा? इतकी वर्षं बरोबर शिकारीला जायचात. तुम्ही कधी तिचं तोंड उघडून बघितलं नाही?"

"सेथ वाईट माणूस नव्हता."

"तुम्ही फार भले आहात, म्हणून असं म्हणताय."

ते 'भले' ऐकून मला गाडीतून उडी टाकावीशी वाटली. पण मी काय केलं? काच थोडी खाली केली, गरम होतंय म्हणून.

चर्चच्या वळणापुढे सेथचं घर. आयव्ही, त्याची बायको, फाटकाशी गुलाब छाटत होती. आमची गाडी बघून तिनं कात्रीसकट हात वर केला. नेहमीसारखी हसली. हेस्टरनं हात केला नाही. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पट्टा सोडला.

"काय करतेस?"

"सांगते त्यांना. त्यांचा नवरा काय होता ते कळू दे. अजून तीन फेरेटं त्या बायकांकडे आहेत, त्यांचेही दात असेच असणार. आयव्हीकाकूंना ठाऊकच असेल सगळं."

तिचा हात दाराच्या कडीवर गेला. आयव्ही हातमोजे काढत आमच्याकडे यायला निघाली होती. सेथ गेल्यापासून ती प्रत्येकाला थांबवून चहाला बोलावते.

"मीच कापले," मी म्हणालो.

हेस्टरला कळलं नाही. "काय?"

"तिचे सुळे. तिच्या वेतातल्या चारही पिल्लांचे. सेथचे हात थरथरायला लागले होते, म्हणून तो माझ्याकडे घेऊन आला. तोही आधी कापायचाच, पण शिकला माझ्याकडून. मला बापानं शिकवलं."

कडीवरचा हात खाली आला. बाहेर आयव्हीनं काचेवर टकटक केली. हेस्टरनं काच दोन बोटं खाली केली आणि म्हणाली, "काकू, उद्या येते. टॅन्सीला बरं नाही." आवाज अगदी सरळ होता. आयव्ही "अगं बाई!" म्हणाली, मागच्या काचेतून पेटीकडे डोकावली आणि परत फाटकाकडे गेली.

"आपल्या फेरेटांचेही?" हेस्टरनं समोर रस्त्याकडे बघत विचारलं.

"हो."

"डचेसचे?"

"हो."

तिनं स्वतःच्या बोटाकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणून चावली नाही ती मला."

जवळजवळ चाळीस वर्षं ही मुलगी ज्याला-त्याला ती गोष्ट सांगत आली. शाळेत निबंध लिहिला होता तिनं त्यावर. नवऱ्यालाही पहिल्या भेटीत तीच सांगितली म्हणे. मी दर वेळी शेजारी बसून मिशीत हसायचो.

ती माझ्याकडे वळली. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पण तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं ना, बाबा? त्यांना दुखतं ते. कुणालाच ठाऊक नसणार. तुम्ही सगळे समजत असाल की नखं कापतो तसंच आहे. हो ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं. माझा बाप हो म्हणाला असता. सेथ म्हणाला असता, आणि दोघंही रात्री शांत झोपले असते. ती हो ऐकायला थांबली होती, माझ्यापेक्षा जास्त तिलाच ते हवं होतं. संसार मोडून आलेल्या मुलीला निदान बाप तरी धड हवा होता. आणि मी दवाखान्यात तासाभरात दोनदा खोटं वागलो होतो, तिसऱ्यांदा काय जड होतं?

"ती किंचाळायची, म्हणून तू शाळेत गेल्याशिवाय मी कधी पक्कड काढली नाही," मी म्हणालो.

गुडघ्यावरचा हात काही वेळ तिथंच होता. मग तिनं तो उचलला, पट्टा लावला आणि गाडी सुरू केली. गाडी घराशी थांबली. मी पेटी घ्यायला मागचं दार उघडलं, तेव्हा तिनं माझ्या आधी हात घातला.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या मी एकटीच नेईन तिला."

मी बाजूला झालो.