तांबट चौकातली कासारीण

पुतळ्याच्या नाकाबद्दल पहिली हरकत सोमवारी सकाळी दाखल झाली आणि दुपारी जेवायला बसेपर्यंत इंदूकाकू वेळापुरेंचं नाक दोन सूत बारीक झालं. दुखलं वगैरे काही नाही. पाणी पिताना तांब्याची कड रोजच्या जागी नाकाला टेकली नाही, एवढंच.

पुतळा तांबट चौकात होता, शहराच्या ऐन मध्यावर. सुशोभीकरणात तिथला जुना कारंजा गेला आणि काळ्या पाषाणातली एक कासारीण मांडी घालून बसली. तिने गिऱ्हाइकाचा हात हातात धरलेला, बांगडी भरत असलेली. गिऱ्हाईक मात्र कुठेच नव्हतं. कोपरापर्यंतचा नुसता हात, पुढे हवा. शिल्पकार खटावकर महिनाभर इंदूकाकूंच्या दुकानात बसून त्यांच्याकडे बघत होता. त्यामुळे दगडातली बाई हुबेहूब इंदूकाकू होती, अगदी कपाळावरच्या देवीच्या व्रणासकट.

अनावरण झालं आणि पालिकेने तीस दिवसांत हरकती आणि सूचना मागवल्या. आता आपल्या माणसांना कुणी मत विचारलं आणि त्यांनी 'आमचं काही म्हणणं नाही' असं सांगितलं, असं कधी झालंय? ज्यांनी आयुष्यात चित्राचं प्रदर्शन पाहिलं नाही, ते सकाळी फिरायला म्हणून निघायचे, पुतळ्याला एक प्रदक्षिणा घालायचे आणि तिथून थेट पालिकेत जाऊन अर्ज टाकायचे.

मंगळवारी कुणी लिहिलं की बाई इतकी काळी कशाला, शहराची शोभा जाते. इंदूकाकू बुधवारी उजळल्या. गल्लीतल्या बायकांनी कौतुक केलं. "काय वो काकू, काय लावताय?" म्हणून विचारलं. एका मंडळाने लिहिलं की डोक्यावर पदर हवा. दुसऱ्याने लिहिलं की पदर म्हणजे मागासलेपण. दोन्ही अर्ज मंजूर झाले. तेव्हापासून विषम तारखेला इंदूकाकूंचा पदर डोक्यावरून काही केल्या खाली यायचा नाही आणि सम तारखेला वर चढायचा नाही. मग एका ज्योतिषांची सूचना आली की पुतळ्याचं तोंड पूर्वेला असावं. त्या दिवसापासून काकूंचं तोंड पूर्वेकडून हलेना. नळ पश्चिमेला होता. त्या घागर घेऊन उलट पावली नळावर जायला लागल्या आणि शेजारणी त्यांना "डावीकडे, डावीकडे, आता पायरी" असं सांगायला लागल्या. दोन दिवसांत सगळ्यांच्या ते अंगवळणी पडलं.

सगळ्यात वाईट सूचना सगळ्यात चांगल्या मनाने आली होती. एका शाळेतल्या चाळीस मुलींनी लिहिलं, की आजी हसरी असावी. चुलतसासऱ्यांच्या दहाव्याला इंदूकाकू गेल्या, रडल्या, डोळे सुजेपर्यंत रडल्या; पण तोंड हसतच होतं. जावेने त्या दिवशी जे बोलणं टाकलं ते टाकलंच. काकूंना फार लागलं ते. घरी येऊन त्यांनी तोंडावर पदर ओढायचा प्रयत्न केला, पण तारीख सम होती.

दुसऱ्या दिवशी त्या पालिकेत गेल्या. सोबत त्यांची लेक तेजश्री होती, कारण जिने काही पूर्वेकडे चढत नव्हते. अधीक्षक माईणकर सभ्य माणूस होता. त्याने बसायला खुर्ची दिली आणि ती पूर्वेकडे तोंड करून ठेवली.

"पुतळा दगडाचा आहे, काकू," तो म्हणाला. "दगडात आता काही बदलता येत नाही."

"मग माझ्यात कसं बदलतंय?"

"हरकत मंजूर झाली की अंमलबजावणी करावी लागते. कुठे ना कुठे. शिवाय तुमची संमती आहे की."

त्याने कागद दाखवला. 'जिच्यावरून पुतळा घडवला त्या व्यक्तीचे म्हणणे' या रकान्यात इंदूकाकूंच्याच अक्षरात लिहिलं होतं : लोकांना आवडेल तसं करावं.

लिहिलं होतं खरं. खटावकरने चार माणसांत कागद पुढे केल्यावर दुसरं काय लिहायचं? मला अमुक हवं, तमुक नको असं चारचौघांत सांगायची त्यांच्या घरात रीत नव्हती. जेवायला काय करू म्हटलं तरी त्या 'सगळ्यांना चालेल ते' असंच म्हणायच्या. आणि चालायचं ते सगळ्यांना.

"ते मागे घेता येईल?" तेजूने विचारलं.

"येईल की. हरकत दाखल करा." माईणकरने अर्ज काढला, वरून खालपर्यंत वाचला आणि परत ठेवला. "पण हरकत पुतळ्यावर पाहिजे. तुमची हरकत नागरिकांच्या हरकतींवर आहे. त्याला रकाना नाही."

"बरं," इंदूकाकू हसऱ्या तोंडाने म्हणाल्या. "चेहऱ्याचं काय व्हायचं ते होऊ दे. माझे हात तेवढे सोडा. मुदत संपते त्याच दिवशी हिचा चुडा आहे."

अर्ध्या शहरातल्या नवऱ्या मुलींचे हिरवे चुडे इंदूकाकूंनी भरले होते. हात हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड एकदा दाबून पाहिलं, की माप कळायचं. मग बोलता बोलता बांगडी आत जायची आणि मुलीला कळायचंही नाही. पोरीच्या हातावरून ती कशाला भ्याली आहे तेसुद्धा काकूंना समजायचं. पण तसं त्या कुणाला सांगत नसत. तेजूच्या उजव्या हाताचं हाड जरा रुंद आहे हे तर ती पाळण्यात असल्यापासून त्यांना ठाऊक होतं. चोवीस वर्षं त्या या एका चुड्याची वाट पाहत होत्या. बाकी नाक काय, रंग काय, जगाला आवडेना तर घेऊन जा म्हणावं.

आणि तेराव्या दिवशी नेमकी हातांवर हरकत आली. निवृत्त मुख्याध्यापक शेंडगे सरांनी सहा पानं लिहिली होती. कलेचा प्राण सौंदर्य असून कासारणीचे हात राकट, खरबरीत आणि जाड बोटांचे आहेत, ते नाजूक असावेत. सर सज्जन होते. त्यांच्या सुनेला बांगड्या इंदूकाकूंनीच भरल्या होत्या.

नाजूक हात म्हणजे नवे हात. ज्यांनी कधी बांगडी भरली नाही असे. इंदूकाकूंनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

पण गल्ली पेटून उठली. सरांची सहा पानं म्हणून मंजुरीआधी सुनावणी ठेवली होती, तिला ऐंशी बायका पालिकेत गेल्या. कुणी भाषण केलं नाही. माईणकरने "म्हणणं मांडा" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम हात वर केले, कोपरापर्यंत भरलेले, आणि तेवढ्या आवाजाने टेबलावरचे कागद उडाले. शेंडगे सरसुद्धा वरमले. म्हणाले, "माझा हेतू वाईट नव्हता."

माईणकरने घाम पुसला. "हे बघा, कासारणीचे हात आहेत तसेच राहतील. पण सरांची सहा पानं आहेत, ती फुकट घालवता येत नाहीत. काहीतरी द्यावं लागेल." त्याने पुतळ्याचा फोटो उलटसुलट करून पाहिला. "हा दुसरा हात आहे, तिने धरलेला. हा कुणाचा?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"कुणाचाच नाही," एकजण म्हणाली.

"तसाही अर्धवट आहे," शेंडगे सर म्हणाले. "अभद्र दिसतो."

"मग तो काढू. तुमचंही राहिलं, सरांचंही राहिलं. मुदत संपेल त्या दिवशी सकाळी अकरा वाजता शिक्का मारतो. कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. ज्याचा हात तो माणूसच जागेवर नाही, तर हरकत घेणार कोण? इंदूकाकूंनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, तेच होते, आणि त्यांनी माईणकरला वाकून नमस्कार केला. कितीतरी दिवसांनी त्या दिवशी तोंड आणि मन दोन्ही हसत होतं. बायकांनी वाटेत पेढे घेतले.

चुड्याच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंजीवर तेजू पूर्वेला बसली, म्हणजे आईला ती दिसावी. इंदूकाकूंनी हिरव्या बांगड्यांचा तोडा सोडला, देवाला एक बांगडी वाहिली आणि लेकीचा उजवा हात हातात घेतला. अंगठ्याखालचं रुंद हाड दाबलं. हात गार होता. पोरगी भ्याली होती, पण तिचं तिला माहीत होतं. एक, दोन, तीन, चार बांगड्या गेल्या. पाचवी बोटांवर चढत होती तेवढ्यात पालिकेच्या बाजूने अकराचा भोंगा झाला.

पाचही बांगड्या सतरंजीवर पडल्या. त्या पडताना मध्ये काहीच नव्हतं. तेजूच्या खांद्यापासून कोपरापर्यंत हात होता, पुढे आईच्या मुठीत हवा होती.

"वाढवल्या म्हणा, वाढवल्या म्हणा," मागून कुणीतरी घाईने म्हणालं, कारण फुटल्या म्हणायचं नसतं.

इंदूकाकूंनी दचकून मूठ सोडली. हात परत आला. तेजूने बोटं हलवून पाहिली, पाचही हलली. काकूंनी पुन्हा धरला. गेला. सोडला. आला. तेजूने डावा पुढे केला, तोही गेला आणि सोडल्यावर आला. दुखत नव्हतं, असं ती म्हणाली.

"आत्याला भरू दे," नवऱ्याकडची एक बाई म्हणाली. "मुहूर्त टळतोय. बांगड्या कुणीही भरल्या तरी बांगड्याच."

तेजूची आत्या पुढे सरकली. खरंच तिच्या हातात तेजूचा हात जसाच्या तसा राहिला. तिने माप विचारलं. इंदूकाकूंना सांगवेना.

"नको," तेजूने आत्याचा हात सोडवून घेतला. "आईच भरेल. आई, धर ना. गेला तर जाऊ दे. लवकर लवकर भर."

तिने दोन्ही हात पुढे केले. हात समोर होते, उघडे, मेंदीने रंगलेले, आणि इंदूकाकू मान वळवू शकत नव्हत्या. हसऱ्या तोंडाने त्यांनी ते हात डोळे भरून पाहिले. मग त्यांनी आपले दोन्ही हात मांडीखाली सारले आणि सगळं वजन टाकून त्यांच्यावर बसून राहिल्या.