गाठी नसलेली दोरी

सादड्याच्या झाडाच्या शेंड्यावरच्या घरट्यातून पिल्लाने मान वर काढली, तेव्हा ढवळूने दोरीला एक बारीक गाठ मारली. मोठ्या गिधाडाला मोठी गाठ, पिल्लाला बारीक. अंबाडीची ही दोरी दर शनिवारी खोडाळ्याला कमलेशच्या टेबलावर जायची. कमलेश गाठी बोटांनी चाचपायचा आणि आकडा संगणकात भरायचा.

कमलेश खालच्या पाड्याचाच. जव्हारला शिकला आणि पवनचक्कीच्या कंपनीत लागला. ढवळूला मोजणीच्या रोजावर त्यानेच ठेवलं होतं.

"काका, चक्क्यांना पैसा बँक देणार," त्याने पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "पण देण्याआधी ती विचारते, बुडायची भीती कशाकशाची? वारा पडला तर? रस्ता खचला तर? लोक बिथरले तर? मी एकेक भीती तक्त्यात लिहिली, एकेकीवर उपाय काढला. सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. एकच लाल राहिलीय."

"कोणती?"

"तुझी गिधाडं. पात्याला धडकून एक जरी मेलं तरी कोर्टकचेरी, चक्क्या बंद. शिमग्यानंतर बँकेचा माणूस येईल. पाचाच्या वर दिसली, तर पैसा नाही."

उपायही त्याने साधाच काढला होता. मेलेलं ढोर माळावर ओढून टाकायची पाड्यांची जुनी रीत. गिधाडं उतरायची, दुपारपर्यंत हाडं धुतल्यासारखी पांढरी व्हायची. आता ढोर मेलं की कंपनीचा जेसीबी यायचा, खड्डा काढायचा, मीठ टाकून पुरायचा. गिधाडांवर कुणी एक दगडसुद्धा भिरकावला नाही. मढं नाही, म्हणून गिधाड नाही.

कार्तिकात दोरीला एकोणीस गाठी होत्या, पौषात मोठ्या नऊच उरल्या. घरट्यात पिल्लू, म्हणून जोडपं हललं नाही. जोडपं हललं नाही, म्हणून बाकीची सातही त्याच डहाळ्यांवर उपाशी बसून राहिली.

ढवळूची बायको सुकरी लग्नांत गाणी म्हणायची. नागली दळताना तिच्या तोंडी एक जुनं गाणं असे:

*गिधाड माझा आजा गं, आभाळी त्याचा गाव,*
*मेल्या ढोराच्या पंगतीला पुसत नाही नाव.*

"आजा उपाशी हाय," ढवळू म्हणायचा, आणि जातं थांबायचं.

पाण्याच्या टाकीपाशी गोरख त्याला आडवा आला. गोरखचं नाव चक्क्यांच्या राखणदारांच्या यादीत होतं. चौदा जागा, पाड्यातली चौदा घरं.

"मोजून झालं का रं, ढवळूबुवा? बारसं कधी पिल्लाचं?"

दोघं-तिघं हसले.

"सांग ना. तुझ्या एका पिल्लापायी मी परत भिवंडीला विटा थापू का? माझी पोरगी तिथंच भट्टीवर तापानं गेली. तवा कोण आलं व्हतं दोरी घेऊन मोजायला?"

ढवळूने हंडा उचलला. गोरख खोटं बोलत नव्हता.

माघात ढवळूचा बैल मोऱ्या बसला. पुढचा पाय सुजून खांबासारखा झाला. दिवसभर कण्हायचा, डोळ्यांतून पाणी. ढवळू माळावरून संध्याकाळी परतला तेव्हा बैल शांत झोपला होता.

"कमलेश आलेला," सुकरी म्हणाली. "डॉक्टरला गाडीत घालून आणला. सकाळी एक सुई, दुपारी दोन. पैसं घेतलं नाय. माझ्या पाया पडला बघ. आईबापाची लेकरं अशी असावी."

ढवळूला भरून आलं. पोर शिकलं, पण विसरलं नाही, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात मोऱ्या मेला. सुकरी रडत गोठ्यात बसली. ढवळू मात्र दाव्याकडे बघत राहिला.

"जेसीबीला निरोप धाडू?" सुकरीने विचारलं.

"नको. मोऱ्यानं जलमभर माझं शेत वाहिलं. आता एक खेप आजाची करंल."

दोघांनी बैल फळीवर घातला, शेजारच्या सोम्याची जोडी जुंपली आणि उजाडायच्या आत माळावर ओढत नेला. सादडा समोर होता. ऊन चढलं तसं पहिलं गिधाड उतरलं, मग दुसरं, मग सगळी. पंख फडफडत होते, माना रंगत होत्या. पोट भरलेली आई घरट्यावर गेली आणि तिने पिल्लाच्या चोचीत घास ओकला. ढवळूने गाठी मारल्या. नऊ मोठ्या, एक बारीक. किती महिन्यांनी त्याचे हात असे चालले होते.

तिसऱ्या दिवशी गिधाडांनी माना खाली सोडल्या. भर उन्हात, डहाळीवर बसल्या बसल्या, पेंगल्यासारख्या. गिधाडांच्या पाहणीला आलेल्या हर्षदाताईने त्याला मागे एकदा शिकवलं होतं: मान अशी लोंबली की समज, पोटात विष गेलंय. ढवळू झाडाखाली उभा राहिला. पहिलं त्याच्या पायाशी पडलं. संध्याकाळपर्यंत तो नऊ वेळा वाकला. घरट्यातली बारीक मानही मग वर आली नाही.

शनिवार नव्हता, तरी तो खोडाळ्याला चालत गेला. कमलेश टेबलाशी होता.

"सुई कसली व्हती?"

"दुखण्यावरची, काका."

"गिधाडाला चालत नाय ती."

"नाही चालत. हर्षदाताईंच्या अहवालात लिहिलंय." कमलेशने आवाज चढवला नाही. "म्हणून तर ढोर पुरायचं ठरलं होतं ना? मी बैलाचं दुखणं थांबवलं. माळावर कुणी ओढला?"

ढवळू टेबलाजवळ सरकला.

"तुला ठाऊक व्हतं. मी पुरणार नाय, हे तुला ठाऊक व्हतं."

"मी याच पाड्यातला आहे, काका," कमलेश म्हणाला. त्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला. "तुला पंधराव्या जागेवर घेतलंय. बस. ऊन लागलंय तुला."

शिमग्यानंतर बँकेचा माणूस आला. माळावर त्याने दुर्बीण लावली. आभाळ पुसून काढल्यासारखं रिकामं. गोरखने त्याला नारळ दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कमलेशने तक्ता उलगडला. वरपासून खालपर्यंत हिरवा, भाताच्या कोवळ्या रोपांसारखा.

"आणि मोजणी कोण करतं?" पाहुण्याने विचारलं.

कमलेशने ढवळूला पुढे केलं. अंगात राखणदाराचा नवा सदरा, गळ्यात शिट्टी, हातात दोरी. पाहुण्याला दोरी फार आवडली. त्याने ती दोन्ही हातांत ताणून धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवला.

"एकही गाठ नाही?"

"नाय, साहेब," ढवळू म्हणाला.

"उत्तम," पाहुणा म्हणाला, आणि अहवालावर छापायला त्याने दोरीसकट ढवळूचा फोटो काढला.