बरं हाय

घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते, हे सास्तूरमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक असतं आणि तरी सगळे दिवसभर एकमेकांना मढं गेलं तुझं, मुडदा बशिवला तुझा म्हणत सुखानं नांदत असतात. कुठलं मनावर घ्यायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, हे वास्तूलाही कळत असणार. दैवशालानं मात्र सगळंच मनावर घेतलं. तिची चूक एवढीच, आणि ती फार मोठी होती.

तिचा नवरा शंभुलिंग दुधाचा टेम्पो चालवायचा. सास्तूर ते मुरुम, सकाळ-संध्याकाळ, दहा वर्षं. श्रावणात त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि दसऱ्याला सोलापूरच्या डॉक्टरांनी दैवशालाला बाजूला घेऊन सांगितलं, की गाठ लिव्हरमध्ये आहे, पसरली आहे, आता घरी न्या आणि आवडेल ते खाऊ घाला. या वाक्याचा अर्थ न कळणारं माणूस आपल्याकडं नाही. दैवशाला अंगणवाडीची ताई, शिकलेली, तिलाही कळला. पण कळणं वेगळं आणि पोटात उतरणं वेगळं. डॉक्टरांनी दुखणं मारणाऱ्या कडक गोळ्या लिहून दिल्या. त्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, उमरग्याच्या एका दवाखान्यातून दर पंधरवड्याला आणायच्या होत्या.

दिवाळी सरल्यावर सेविकांच्या ग्रुपवर कुणीतरी नीला मॅडमचे बोललेले मेसेज टाकले. मॅडम कुठल्या, कोण, काही माहीत नाही. आवाज मात्र असा, की ऐकणाऱ्याला वाटावं ही आपल्यालाच बोलतेय. जे हवं ते झालंच आहे असं बोला, मॅडम म्हणत. आजार आजार कराल तर विश्व आजारच देईल. एक्केचाळीस दिवस रोज सकाळी लिहा, मनात तिळभर शंका नको. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण काडी निदान पाण्यावर तरंगते तरी.

दैवशालानं दोनशे पानी वही घेतली. रोज अंघोळ करून एकवीस वेळा लिहायची, ‘माझे पती पूर्ण बरे झाले आहेत. येळवशीला ते स्वतःच्या पायांनी शेतात जात आहेत.’ येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागातलं गावच्या गाव ओस पडतं आणि झाडून सगळी माणसं आपापल्या शेतात ताकातली अंबील आणि सगळ्या भाज्यांची भज्जी यांच्या पंगतीला बसतात. लिहायला सुरुवात केली तेव्हा येळवस बरोबर एक्केचाळीस दिवसांवर होती. हा तिला कौलच वाटला.

मग घरात नियम आले. रिपोर्टची फाईल ट्रंकेत गेली. डोळ्यांत पाणी घेऊन येणारे सोयरे दारातूनच परत जाऊ लागले. सासूनं, हरणाबाईनं, देवापुढं ‘माझ्या लेकराचं हाल नको करू’ म्हटलं, तर दैवशालानं तिला मध्येच थांबवलं. हाल हा शब्दच नको होता. शंभूला नवा निळा शर्ट आला, कडक कॉलरचा, येळवशीला घालायचा म्हणून, आणि विश्वाला दिसावं म्हणून तो आतापासूनच रोज तासभर अंगावर चढवला जाऊ लागला. वही सुरू होऊन पंधरवडा झाला आणि घरातल्या गोळ्या संपल्या, तेव्हा ती उमरग्याला गेली नाही. गोळी आणायची म्हणजे दुखतंय असं आपणच जाऊन सांगायचं. हे काही मॅडमनी सांगितलं नव्हतं, खोटं कशाला बोला. हे दैवशालानं स्वतःच्या अकलेनं काढलं.

“कसं वाटतंय?” ती रोज हसऱ्या चेहऱ्यानं विचारायची.

“बरं हाय,” शंभू म्हणायचा.

तो असं म्हणतो म्हणजे तो बरा होतोय, असं ती धरून चालली होती. ती अंगणवाडीत गेली, की तो टॉवेलची घडी दातांत धरायचा. हे तिला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माहीत करून घ्यायचंही नव्हतं. टॉवेलला पडलेली भोकं तिनं धुताना पाहिली होती. उंदरांनी कुरतडला असेल, असं तिनं ठरवून टाकलं.

अडतिसाव्या दिवशी दुपारी ती अंगणवाडीतून घरी चालली होती. वाटेत रेवणप्पा भेटला. हा शंभूचा चुलतभाऊ, मनानं सोन्यासारखा, पण तोंडाला कुलूप नसलेला. मोटारसायकल थांबवून म्हणाला, “वहिनी, शंभूनं जागा दावली बरं का काल. शेतात, आंब्याच्या अंगाला. वर माती हाय, पर दोन हातावर मुरूम लागंल. तवा आदी जेसीबीवाल्याला सांगून ठिवू का?”

“कशाची जागा?”

रेवणप्पाच्या तोंडावरचा रंग उडाला. त्यांच्या समाजात माणूस गेलं, की जाळत नाहीत. बसवून मातीत ठेवतात, मांडी घालून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर देऊन. जागा म्हणजे कशाची, हे पुढं विचारायची गरज नव्हती.

ती घरापर्यंत कशी पोचली, तिलाच आठवलं नाही. शंभू खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. हरणाबाई खाली भाजी निवडत होती.

“शेतात गेला हुता तुमी?”

शंभूनं पायावरचं पांघरूण सारखं केलं.

“अडतीस दिस म्या तळहाताच्या फोडागत जपायलेय, आन् तुमी जाऊन खड्डा मागून आलात? तीन दिस राहिलं हुतं. तीनच दिस.”

“चुकलं,” शंभू म्हणाला.

“त्याला बोलू नगंस,” हरणाबाई म्हणाली. “म्याच नेलं रेवण्याच्या जीपमदी. त्यो चार दिस झालं म्हणत हुता.”

तेव्हा दैवशालाचा तोल गेला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, सासूला तिनं कधी उलटून शब्द दिला नव्हता. “आत्याबाई, आई हाव ना तुमी? तुमच्या तोंडानं तुमी पोराला मातीत घालायलाव. बोललेलं खरं हुतं. तुमच्याच जिभेनं जातील ते.”

हरणाबाईच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. तिनं सुनेकडं बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. जुनं दुखणं कुणी नेमकं बोट ठेवून दाबावं, तसा तिचा चेहरा झाला.

“बस खाली,” ती म्हणाली. “बस, मंग सांगते माझ्या जिभंचं.”

दैवशाला बसली नाही, पण गेलीही नाही.

“शंभूच्या वर एक हुता मला. बसू. सा वर्साचा. तुला ठावं हाय, फोटूला तू हार घालतीस. भूकंपात गेला एवढंच तुला ठावं हाय. त्या राती गणपती बुडवून आलो हुतो. पोरगं गुलालात लाल झालतं. मी म्हणलं, धू अंग, माझ्यापशी नीज. त्येला आज्याकडं जायचं हुतं, जुन्या घरात, मातीच्या माळवदाखाली. लई हट्ट केला. दिसभर राबून मला उभं राहवत न्हवतं. म्या म्हणलं, जा, मर तिकडं.”

पदराचं टोक हरणाबाईनं बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं.

“ग्येला. पाटं माळवद बसलं. आमी दोघं तान्ह्या शंभूला घिऊन पत्र्याच्या सपरात हुतो, वाचलो. दुसऱ्या दिवशी मिलिटरीवाल्यानं काढला त्येला. गुलाल तसाच हुता त्वांडाला. माती बी मिळाली न्हाय आपल्या रीतीनं, समद्यास्नी एका जागी जाळलं. बत्तीस वर्सं झाली, म्या कुणाला सांगितलं न्हाय. शंभूच्या बाला बी न्हाय. घरानं तथास्तु म्हणलं, असंच म्या धरलं. आता तू शिकल्याली हायीस. तुझी ती बाई बी शिकल्याली असंल. तू सांग मला. तुझ्या बाईचं खरं आसंल, तर माझ्या बसूला म्याच मारला. खरं हाय का तिचं?”

खाटेवर शंभू ताठ झाला होता. त्यानं हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं.

दैवशालाला वाटलं, आपण इथून पळून जावं. सासू खरंच विचारत होती. उत्तरासाठी तोंड वर करून बसली होती, बत्तीस वर्षं थांबलेलं माणूस बसेल तशी. हो म्हणावं, तर ही बाई आत्ता इथं मरेल. नाही म्हणावं, तर अडतीस दिवसांची वही कागद होईल आणि शंभू जाईल. मधला रस्ता तिनं शोधून पाहिला. तो नव्हता. त्या रात्री गावातल्या कितीतरी आया पोरांना जवळ घेऊन, पापा घेऊन निजल्या होत्या. त्यांचीही पोरं गेली. कोण काय बोललं होतं, मातीनं विचारलं नव्हतं.

“न्हाय आत्याबाई,” ती म्हणाली. “न्हाय. तुमच्या बोलण्यानं न्हाय गेला बसू.”

ती तिथंच मेथीच्या काड्यांत बसली. आपण काय कबूल केलं, हे तिला कळलं होतं. हरणाबाई सरकत तिच्याजवळ आली. गळ्यातल्या पांढऱ्या कापडात बांधलेलं इष्टलिंग तिनं सवयीनं मुठीत धरलं.

“हे सकाळी हातावर घिऊन बसतो आपण, ते कशाला?” ती म्हणाली. “मला माझ्या सासूनं सांगितलं हुतं, मागाय न्हाय. हाय ते बघाय. म्या बत्तीस वर्सं नुसती मागत बसले, बसूला माघारी दे. बघितलं न्हाय कदी.”

“मंग मागायचंच न्हाय का?”

“माग की. कोण अडवतंय. पर आदी बघ. बघितल्याव मागणं बदलतं.”

दैवशालानं मान वर केली आणि नवऱ्याकडं बघितलं. अडतीस दिवसांत पहिल्यांदा. गालफडं बसलेली, डोळे पिवळेजर्द, निळ्या शर्टाच्या कॉलरमध्ये मान काठीएवढी. खाटेखाली टॉवेल पडला होता. त्याची भोकं उंदरांची नव्हती.

“अहो,” ती म्हणाली, “दुखतंय का?”

शंभूनं सवयीनं ‘बरं’ म्हणून सुरुवात केली. मग तो शब्द त्यानं अर्ध्यावर सोडला.

“लई दुखतंय,” तो म्हणाला. “लई दुखतंय दैवा. सोसंना.” आणि मोठ्यानं विव्हळला. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. शेजारच्या घरातला मिक्सर बंद झाला. विव्हळता विव्हळता तो बोलतही होता. “ही कॉलर टोचती. ती रोजची अंबील नगं मला, चव लागत न्हाय. सोयऱ्यास्नी का माघारी लावलं? मला भ्या वाटतंय.”

तिनं आधी शर्टाची बटणं काढली.

संध्याकाळच्या आत ती रेवणप्पाच्या मोटारसायकलवरून उमरग्याला जाऊन आली. डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली, तारीख बघितली. गोळ्या कधी संपल्या, असं त्यांनी विचारलं.

“तेवीस दिवस झाले,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या पुढं सरकवल्या. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते तेवीस दिवस कुणी तिच्याकडून काढून घेणार नव्हतं. ते तिला जन्मभर पुरणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वही उघडली, पण लिहिलं नाही. अंघोळ करून आपलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेतलं आणि शंभूकडं तोंड करून बसली. त्याला चार तास झोप लागू दे, तिनं मागितलं. मोठं काही मागायची तिची हिंमत राहिली नव्हती, आणि तशी इच्छाही नव्हती. शंभू साडेचार तास झोपला. मॅडम म्हणायच्या ते हेच का, तिला सांगता आलं नसतं. गोळीनं झोप आली हे तिला माहीत होतं. पण गोळी आणायला ज्या दारातून जावं लागलं, ते दार वहीनं बंद केलं होतं आणि बघण्यानं उघडलं होतं.

येळवस आली. शंभू स्वतःच्या पायांनी शेतात गेला नाही. रेवणप्पानं आणि दोघा सोयऱ्यांनी त्याला खाटेसकट टेम्पोत घातलं, जुना मऊ सदरा घालून. परतवून लावलेले सोयरे सगळे आले होते. काही डोळे पुसत होते, कुणी त्यांना अडवलं नाही. ज्वारी कंबरेला लागली होती. कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडले, भज्जीची पंगत बसली. शंभूनं अंबिलीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. दैवशालाला हसू आलं. हसता हसता तिला रडू आलं, ते तिनं आवरलं नाही.

पंगत उठल्यावर ती खाटेपाशी बसली. जे विचारायला तिची जीभ उचलत नव्हती, ते तिनं विचारलं.

“कुठं दावलीत जागा?”

शंभूनं हात उचलला, पूर्ण उचलला नाही. आंब्याच्या बाजूची मोकळी जमीन, चार पावलं लांब-रुंद, तिथं ज्वारी पेरलेलीच नव्हती. दसऱ्याच्या पेरणीच्या वेळीच त्यानं ती सोडायला लावली होती. म्हणजे दसऱ्यालाच त्याला सगळं ठाऊक होतं. ती एकवीस-एकवीसदा लिहीत होती तेव्हाही.

“मंग बोलला का न्हाई?”

“तुला बरं वाटत हुतं,” तो म्हणाला.

ती त्याच्याकडं बघत राहिली. नजर काढून घ्यावीशी वाटली, पण काढली नाही.

“तोंड उत्तरंला करत्यात आपल्यात,” शंभू म्हणाला. श्वास जमवत, एकेक शब्द. “म्हंजे गावाकडून येती ती वाट समोर. म्या रेवण्याला बसून दावलं. तू डबा घिऊन येताना बांधापासनं दिसतीस.”

“बघा मग,” दैवशाला म्हणाली. तिनं त्याचा डावा तळवा उघडला, त्यावर आपला तळवा ठेवला, आणि दोघं त्या मोकळ्या जागेकडं बघत बसली.