कानाइतकी काठी

पुतळ्याच्या चौथऱ्यावर एक घोडा, दोन माणसं आणि जोडा एकच. जोडा घोड्यावर बसलेल्या चंपतराव देशमुखांच्या पायांत होता. लगाम धरून उभा असलेला दुसरा माणूस अनवाणी. गुडघे वाकलेले, कंबर वाकलेली, मानही खाली. त्या सोमवारी सकाळी देशमुखांच्या गळ्यात चपलांची माळ सापडली. चपला अकरा होत्या. सगळं गाव आरडत असताना खुशालनं त्या मोजल्या. त्याला सवयच होती.

साल चौऱ्याण्णव, महिना जानेवारी. पैनगंगेपलीकडे विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं होतं, आणि नदी काही धूर अडवत नाही. अलीकडच्या, आंध्रातल्या या गावातही दोन डोकी फुटली. बौद्धवाड्याला किराणा बंद झाला; बौद्धवाड्यानं देशमुखांच्या कापसाची शेवटची वेचणी तशीच टाकली. शेवटी आदिलाबादहून जिल्ह्याचे साहेब आले आणि चावडीपुढं बैठक बसली. प्रश्न एकच: पुतळा ठेवायचा की काढायचा?

खुशाल बौद्धवाड्यातला पहिला बीएस्सी, म्हणून बोलायचं त्यानं. वेठबिगारीचं स्मारक भर चौकात नको, असं भाषण त्यानं घोकून ठेवलं होतं. पण सरपंच माणिकराव, चंपतरावांचे नातू, आधीच उठले.

"आज्याले आमी मळ्यात नेतो. घोडाबी नेतो. झगडा कायले पायजे? पण तो लगामवाला काही आमचा नोहे. ज्याचा असंन त्यानं न्यावा."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "ये दूसरा किसका है?"

"बीएस्सीचा आजा हाय जी तो!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि चावडी खदखदून हसली. बौद्धवाड्यातलीही दोन पोरं हसली.

खुशालच्या कानशिलांतून वाफ निघाली. लहानपणापासून तो त्या चौथऱ्यापाशी मान दुसरीकडे वळवून जायचा. कॉलेजात मित्रांना त्यानं सांगितलं होतं, आजा निजामाच्या पोलिसात होता.

तेवढ्यात त्याची आत्या, बयनाबाई, पदर सावरत उभी राहिली. "हाय ना. मोतीराम, माहा बाप. पुतळा बनवतानी तो समोर उभा राये, मी भाकर घेऊन जाओ त्याच्यासाठी. आमाले द्या त्याले, साहेब. त्याचा फोटोबी नाई आमच्याजवळ."

"आत्या, बस खाली."

"काऊन बसू?"

खुशाल साहेबांकडे वळला आणि शुद्ध पुस्तकी भाषेत बोलू लागला. "साहेब, माझ्या आजोबांची काठी आमच्या घरी आहे. आमच्याकडे काठी माणसाच्या कानापर्यंत कापतात. ती पाच फूट दोन इंच आहे. या पुतळ्याचा कान पायापासून तीन फूट अकरा इंचांवर येतो. एकदा रात्री जाऊन मी स्वतः मोजलंय. हे माझे आजोबा असूच शकत नाहीत."

"अरे, वाकलेला हाय ना तो, बापू," बयनाबाई म्हणाली.

"वाकला म्हणून सव्वा फूट जातो का कुठं?"

चावडी पुन्हा हसली. या खेपेला बयनाबाईला. ती खाली बसली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. खुशालनं तिच्याकडे पाहिलं नाही. वाकलेल्या तारेची लांबी टोकापासून टोकापर्यंत सरळ मोजायची नसते, हे तो शिकवणीच्या पोरांना दरवर्षी शिकवत होता.

"कोई वारिस नहीं," साहेब म्हणाले. "तोड दो."

दुसऱ्या दिवशी देशमुख आणि घोडा गोणपाटात गुंडाळून ट्रॅक्टरनं मळ्यात गेले. वाटेत बाया हात जोडत होत्या. मग दोघांनी घण आणले. लगामवाला सिमेंटचा, आतून पोकळ. जिथं जिथं वाकला होता तिथं तिथंच तुटला. मान, कंबर, गुडघे. आतल्या सळया करवतीनं कापून घणवाले चहाला गेले. एवढ्यासाठी गाव कशाला थांबेल?

बयनाबाई आली. बगलेत काठी होती. तिनं आधी गुडघ्यांखालचे पाय उचलून जमिनीवर टाचेला टाच लावून ठेवले. मग मांड्यांचा तुकडा ओढत आणला. धड मात्र तिला हलेना. ती दम खात बसली. समोर पिंपळाखाली उभ्या असलेल्या भाच्याला तिनं हाक मारली नाही.

खुशालच मग आला.

"धरू का, आत्या?"

तिनं धडाची एक बाजू धरली.

दोघांनी धड मांड्यांना भिडवलं, डोकं धडाला. तुटलेल्या कडा जुळवताना कुठं खडे काढावे लागले, कुठं खाली माती सारावी लागली. आता वाकवायचं काही उरलं नव्हतं. माणूस पाठीवर सरळ निजला. बयनाबाईनं काठी त्याच्या शेजारी ठेवली, तिचं टोक टाचेशी नीट लावलं, आणि बाजूला सरली.

"मोज," ती म्हणाली.

खुशालनं खिशातून टेप काढली. टाचेपासून कानापर्यंत पाच फूट दोन इंच.