बापाचं नाव

"पोरीच्या बापाचं नाव काय घालू?" काझीसाहेबांनी गनीभाईंना पुन्हा विचारलं.

मांडवात नवऱ्याकडची मंडळी ताटकळली होती. निकाहात सख्ख्या बापाचंच नाव घ्यायचं, हे जामखेडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हमिदाचा सख्खा बाप लालमहंमद. तो आणि त्याची बायको पटकीच्या साथीत गेले, तेव्हा त्यांची तान्ही पोर गनीभाईंनी उचलून घरी आणली. व्याह्यांना त्यांनी हे आधीच सांगितलं होतं. हमिदाला मात्र सांगितलं नव्हतं. आज सांगू, ईद झाली की सांगू, असं करता करता पोरगी लग्नाची झाली. माणूस जन्मभर लोकांच्या भांड्यांना कल्हई करत आला, पण स्वतःच्या घरातल्या गोष्टीला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

"आलोच," म्हणून ते आत गेले.

स्वयंपाकघरात त्यांची बायको रोशनबी हन्नाबाईंचा हात घट्ट धरून बसली होती. हन्नाबाई मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स, स्वतः अनाथाश्रमात वाढलेल्या. पोसलेल्या लेकराचं घरात बिनसलं की लोक त्यांनाच बोलावत. त्या सगळ्यांना समोरासमोर बसवायच्या आणि बोलतं करायच्या.

"बाई, तुमीच सांगा तिला. तुमचं ऐकंल ती," गनीभाई म्हणाले.

"मी न्हाई सांगनार. हे तिला तुमच्या तोंडून कळाया पायजे. मी शेजारी बसते."

"आन् उठून गेली तर?" रोशनबी कळवळली.

"जाऊ द्या. पन भर मांडवात कळलं, तर जन्मात माफ करनार न्हाई."

हमिदाला बोलावलं. गनीभाईंनी खाली बघत, अडखळत, पण सगळं सांगितलं. रोशनबी मध्येच हुंदके द्यायला लागली, तेव्हा हन्नाबाईंनी दटावलं, "गप बसा. आत्ता रडायची पाळी तिची हाय."

हमिदा रडली नाही.

"त्यांची कबर कुठं हाय?"

"हितंच. शबे-बरातला मी दिवा लावतो ती."

"ती तुमच्या दोस्ताची हाय म्हनत हुता."

"दोस्तच हुता तो."

तेवढ्यात काझीसाहेब दोन साक्षीदार घेऊन दारात आले. मुलीची कबुली मांडवात नेऊन सांगायला वकील लागतो, आणि तो मुलीनंच नेमायचा.

"वकील कोन, पोरी?"

हमिदानं गनीभाईंकडे पाहिलं. तिनं दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं, तरी आज तिला बोल लावायला कुणाला तोंड नव्हतं. गनीभाई भिंतीकडे बघत उभे होते. इतकी भीती त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

"गनीभाई कलईवाले," ती म्हणाली.

बोलायला लागल्यापासून अब्बा म्हणणाऱ्या पोरीनं आज पहिल्यांदा त्यांना नावानं पुकारलं होतं. रोशनबीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

गनीभाई मांडवात येऊन काझीसाहेबांसमोर बसले. टोपी सारखी केली. मग पार गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"लालमहंमदची पोर हमिदा, हिला निकाह कबूल हाय."