तिसरा प्लग

"सांग त्याला," थोरला बायकोला म्हणाला, "गाडी धुतली म्हणून गावभर सांगत फिरतोस, जरा बोनेट उघडून बघ म्हणावं. आत उंदरानं घर बांधलंय."

धाकटा चार हात अंतरावर उकिडवा बसून गाडीच्या मागच्या चाकाला साबण लावत होता. त्याला शब्द न् शब्द ऐकू गेला होता. तरी त्यानं फडकं पिळलं आणि वहिनीकडे बघत वाट पाहिली. ऐकू येणं वेगळं आणि निरोप पोचणं वेगळं, आणि या घरात मान होता तो निरोपाला.

वहिनीनं सुपातल्या शेंगा बाजूला सारल्या. "ते म्हणतात, बोनेटच्या आतपण एकदा बघा."

उंदीर तिनं गाळला होता. कित्येक वर्षं ती दोघांचं बोलणं असंच गाळून देत आली होती, चहा गाळावा तसं. चोथा तिच्याकडे राहायचा. धाकट्यानं उत्तर मात्र न गाळलेल्या निरोपालाच दिलं.

"त्यांना सांगा वहिनी, उंदरालापण डोक्यावर छप्पर लागतं. आणि उद्या त्यांचा दिवस आहे ना? उद्या सकाळी बोनेट उघडा म्हणावं. आत बघून भांग पाडता येईल असं चकचकीत करून ठेवतो."

घर एक, अंगण एक, दारं दोन. रानाची वाटणी झाली होती, विहिरीच्या पाळ्या ठरल्या होत्या, पण गाडी मधोमध कापता येत नव्हती. जुनी पेट्रोलची पिकअप ती. म्हणून एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा. दोघांचं बोलणं बंद झालं ते एका शिडीवरून. शिडी कोणीतरी मागून नेली आणि ती एक पायरी कमी होऊन परत आली. कोणी दिली होती, यावर थोरला म्हणाला धाकट्यानं आणि धाकटा म्हणाला थोरल्यानं. ती शिडी अजून दोन दारांच्या मधे भिंतीला टेकून उभी होती. एक खिळा आणि एक फळी एवढंच काम होतं, पण जो हातोडी घेईल त्यानंच दिली होती असं ठरलं असतं. त्यामुळे वर चढायचं झालं की दोघंही त्या पायरीपाशी टांग टाकून चढायचे, आणि खाली उतरताना वहिनीमार्फत एकमेकांना शिव्या द्यायचे.

घरात धाकट्याची बायकोही होती. पण ती हुशार. सुरुवातीलाच तिनं एक निरोप असा पोचवला की त्यात स्वतःच्या पदरचं बरंच घातलं. थोरला दोन दिवस जेवला नाही. त्यानंतर तिला कोणी निरोप सांगितला नाही. वहिनीला तेव्हा तिचा राग आला होता. आता वाटायचं, आपल्याला हे आधी का सुचलं नाही?

त्यात या आठवड्यात तिचा आवाज बसला होता. डॉक्टरनं घशात बॅटरी मारून बघितलं आणि विचारलं, "शाळेत शिकवता का?"

"नाही."

"मग एवढं बोलता कोणाशी?"

वहिनीनं विचार केला. सकाळपासून स्वतःचं म्हणून ती काय बोलली होती, ते तिला आठवेना. "कोणाशीच नाही," ती म्हणाली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि गप्प राहायला सांगितलं. "नाहीतर हा आवाज असाच राहील हं बाई," असंही म्हणाला. गोळ्या तिनं वेळेवर घेतल्या.

संध्याकाळी धाकट्यानं फवारणीचा पंप बाहेर काढला. मोटर लावली, गन हातात घेतली आणि बोनेट वर करून रोग पडलेल्या बागेवर तुटून पडावं तसा इंजिनवर तुटून पडला. वर्षानुवर्षांचं तेल, धूळ आणि पाचोळा काळ्या ओघळांनी खाली आला. उंदराचं घरही आलं. त्यात कापूस होता, दोऱ्या होत्या आणि थोरल्याचा एक हरवलेला रुमाल होता. धाकट्यानं तो दोन बोटांत धरून वहिनीकडे दिला. "मालकाला पोच करा."

इंजिन खरंच चकचकीत झालं. त्या गाडीचं इंजिन मुळात कोणत्या रंगाचं होतं, हे घरात सगळ्यांनाच पहिल्यांदा कळलं. धाकट्यानं समाधानानं बोनेट लावलं आणि तो जेवायला गेला. गाडी चालू करून बघायचं त्याच्या मनात आलं नाही. उद्याचा दिवस त्याचा नव्हता.

सकाळी थोरल्यानं टोमॅटोचे क्रेट भरले. ऊन वर यायच्या आत बाजार गाठायचा होता. पिकलेला टोमॅटो कोणासाठी थांबत नाही. त्यानं किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, गाडी खोकली, चालू झाली आणि हिवताप भरल्यासारखी थडथडायला लागली. वरचे क्रेट एकमेकांवर आपटले. एक टोमॅटो उडी मारून खाली आला आणि चाकाखाली जाऊन बसला. मग गाडी बंद पडली. परत किल्ली, परत खोकला, परत थडथड, परत बंद.

"सांग त्याला!" थोरला ओरडला. काय सांगायचं ते त्याला सुचेना, म्हणून तो पुन्हा "सांग त्याला!" एवढंच ओरडला.

धाकटा दात घासत बाहेर आला. "काल संध्याकाळी चांगली होती म्हणावं."

"काल संध्याकाळी ती न्हाणीघरात होती म्हणावं!"

वहिनीनं दोघांकडे बघितलं. घसा दुखत होता. "फिटरला फोन करा," ती जेमतेम म्हणाली. हा निरोप कोणाचाच नव्हता, त्यामुळे दोघांनीही तो ऐकून घेतला.

फिटर कुठल्यातरी ट्रकखाली झोपलेला होता. आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. "मिसिंग करतीये का? पाणी मारलं असणार. दुपारपर्यंत मी काही येत नाही. तोवर बघा, कुठल्यातरी प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं असेल. एकेक वायर काढायची आणि चालू करून बघायचं. ज्याची काढली तरी आवाजात फरक पडत नाही, तो मेलेला. सगळ्या वायरी जिथून निघतात ना, त्या डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आतून पुसा. आणि चालू गाडीत वायरला हात लावू नका, झटका बसेल. एकानं किल्लीवर बसायचं, एकानं बोनेटखाली. दोन माणसं लागतील."

"दोन माणसं कुठून आणू?" थोरला म्हणाला.

"म्हणजे? भाऊ आहे की घरात!" फिटर म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

क्रेटवर माश्या जमायला लागल्या.

"दिवस माझा आहे," थोरला वहिनीला म्हणाला, "मी बोनेटखाली जातो. त्याला सांग, किल्लीवर बस."

बोनेट वर गेलं आणि दोघांच्या मधे पत्र्याचा आडोसा उभा राहिला. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे दोघांनाही जरा मोकळं वाटलं. वहिनी मडगार्डपाशी उभी राहिली. तिथून दोघंही दिसत होते.

"सांग, चालू कर."

"भावजी, चालू करा म्हणतात."

थडथड सुरू झाली. "विचारा, रेस देऊ का?"

"रेस देऊ का विचारतायत."

"न देऊन कसं चालेल? पाय आहे की लाकूड?"

"थोडी द्या म्हणतात."

"सांग, बंद कर." बंद. पहिली वायर निघाली. "चालू कर म्हणावं." आवाज आणखी बिघडला. पहिला जिवंत होता. बंद. वायर परत बसली. दुसरी निघाली. दुसराही जिवंत होता. दर वेळी थोरल्याचा शब्द वहिनीपर्यंत यायचा, वहिनीच्या घशात अडकायचा आणि अर्धामुर्धा होऊन धाकट्यापर्यंत जायचा. इंजिनच्या आवाजात तिचा तो घोगरा आवाज म्हणजे भरल्या बाजारात मांजरीचं म्यांव. तिनं हातानं खुणा करून बघितल्या. धाकटा काचेतून बघत होता, पण काच त्यानं काल बाहेरून पुसली होती, आतून नाही.

"आता बंद कर म्हणावं!" थोरला म्हणाला. वहिनीनं तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. नुसता वारा आला. थोरला धरून चालला, की सांगितलं म्हणजे झालं. इतकी वर्षं तसंच होत आलं होतं. त्यानं तिसऱ्या वायरला हात घातला.

वायर ओली होती. थोरला एकदम ताठ झाला, त्याचं कोपर बोनेटच्या दांडीला लागलं, दांडी सुटली आणि अख्खं बोनेट त्याच्या पाठीवर आलं.

किल्लीवर बसलेल्या धाकट्याला एवढंच दिसलं की समोरचा पत्रा धाडकन खाली आला आणि त्याच्याखालून दोन पाय बाहेर राहिले.

"दादा!"

त्यानं उडी मारली. "दादा, हात काढ! हात बाहेर काढ!"

"आधी गाडी बंद कर ना रे, गाढवा!" बोनेटखालून आवाज आला.

धाकटा परत आत गेला, गाडी बंद केली, परत बाहेर आला आणि बोनेट उचलून धरलं. थोरला बाहेर निघाला. हात झटकत होता, केस उभे होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघांनी घाईघाईनं इंजिनकडे बघितलं.

"तिसरा," थोरला म्हणाला.

"तिसरा," धाकटा म्हणाला. "हे बघ, डबकं झालंय."

"तूच केलंयस."

"मीच केलंय. फडकं दे."

"फडक्यानं काय होतंय? खोल आहे ते. फुंकणी आण चुलीची."

धाकट्यानं स्वतः जाऊन फुंकणी आणली. थोरल्यानं ती प्लगच्या खड्ड्यात घातली, गाल फुगवले आणि सगळं बळ लावून फुंकलं. खड्ड्यातलं पाणी सरळ वर आलं. काळं, तेलकट, त्याच्याच तोंडावर.

धाकट्याला हसू आवरेना. "बरं झालं. आज आंघोळ राहिली होती ना तुझी?"

"हस. हसून घे. कॅप उघड आता. अरे, आधी क्लिपा सोड. तोडशील ती!"

"मला नको शिकवूस."

"शिकवलं असतं तर ही वेळ आली असती का?"

वहिनी मडगार्डपाशी उभीच होती. कोणी तिला काही सांगत नव्हतं, कोणी काही विचारत नव्हतं. तिनं एक रिकामा क्रेट पालथा घातला आणि त्यावर बसली. जाऊ दारातून हे बघत होती. ती आत गेली आणि चहाचा कप आणून तिनं मुकाट्यानं वहिनीच्या हातात दिला. चहा गरम होता. वहिनीनं तो गरम असतानाच पिऊन संपवला. असं किती दिवसांनी झालं होतं! दोघं भाऊ एकमेकांवर खेकसत होते, आणि ते खेकसणं तिच्या डोक्यावरून, तिला न लागता, पलीकडे जात होतं.

कॅप आतून पुसून उन्हात ठेवली. प्लग सुकवला. सगळं परत बसलं. धाकट्यानं किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात चालू झाली. खोकला नाही, थडथड नाही. उंदीर जाऊन तिला बरंच वाटत असावं.

थोरल्यानं तोंड पुसलं आणि तो स्टिअरिंगमागे बसला. धाकट्यानं बोनेट लावलं. वहिनी बघत होती. आता कोणीतरी काहीतरी बोलेल, असं तिला वाटत होतं. फार नाही, "जातो रे" एवढं चाललं असतं.

थोरल्यानं समोर बघत खाकरून घसा साफ केला.

"अगं, विचार त्याला, बोनेट नीट लागलंय का."

धाकट्याचा हात अजून बोनेटवरच होता. "वहिनी, सांगा, लागलंय."

गाडी गेली. टोमॅटो विकले गेले, मात्र उशीर झाल्यामुळे बाजारानं जे दिलं ते मुकाट घ्यावं लागलं. संध्याकाळी थोरल्यानं त्याबद्दल जे निरोप दिले, ते गाळायला वहिनीकडे गाळणी पुरेना. शिडी होती तिथेच होती. त्यानंतर पाण्याच्या पाळीवरून निरोप झाले, कुत्र्याच्या भुंकण्यावरून झाले आणि पुढे त्या रुमालावरूनही झाले. रुमाल मुळात कोणाचा होता, यावर आता दोन मतं होती. वहिनीचा आवाज थोडा सुटायचा आणि रात्र व्हायच्या आत परत बसायचा.

मग एक दुपार आली. टोमॅटोची तोड संपली होती, दुसऱ्या दिवशी फक्त रिकामे क्रेट परत करायचे होते. दिवसाची निवड वहिनीनं नीट विचार करून केली होती. दोघं भाऊ आपापल्या दाराआड घोरत होते. तिनं फवारणीचा पंप ओढत अंगणात आणला, पाइप सोडवला आणि बोनेट उघडून दांडी लावली. दांडी नीट बसली की नाही, ते दोनदा बघितलं.

जाऊ दारात येऊन उभी राहिली. "ताई, गाडी तर स्वच्छ आहे."

"बाहेरून," वहिनी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

जाऊनं तिच्याकडे बघितलं, गनकडे बघितलं, दोन बंद दारांकडे बघितलं. मग ती काही न विचारता मोटरपाशी गेली आणि तिनं बटण दाबलं.

वहिनीनं उगाच नासधूस केली नाही. एक फवारा कॅपवर, एक तिसऱ्या प्लगच्या खड्ड्यात. तेवढं पुरे होतं. तिनं बोनेट लावलं, पंप जागेवर ठेवला आणि उरलेल्या पाण्यात पाय धुतले.

सकाळी थोरल्यानं किल्ली फिरवली. गाडी खोकली, थडथडली आणि बंद पडली.

"अगं, सांग त्याला..."

वहिनीनं गळ्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. गाडी चालू व्हायच्या आधीच ती सावलीत पालथा क्रेट ठेवून आली होती. जाऊनं चहाही आणून ठेवला होता. वहिनी जाऊन क्रेटवर बसली.

थोरल्यानं तिची वाट बघितली. धाकट्यानं दात घासत वाट बघितली. ऊन शिडीच्या त्या गेलेल्या पायरीतून पुढे सरकलं. शेवटी धाकट्यानं चूळ भरली, फुंकणी उचलली आणि अंगण ओलांडून बोनेटपाशी आला.

"दादा," तो म्हणाला, "तिसरा बघ आधी."