न गळणारी पिशवी

मित्रांनो, गरम पाण्याची एक जुनी रबरी पिशवी आहे मी. नागपूरच्या एका इस्पितळात खिळ्याला टांगलेली. फार बोलवत नाही आता, म्हणून थोडक्यात सांगते.

सीताबर्डीच्या दुकानातून आले तेव्हा मी लालभडक होते. पहिली वर्षे दुखऱ्या पोटांवर निजण्यात गेली. मग, एकोणीसशे ऐंशी साल उलटल्यावर, मनोहरराव डॉक्टरांनी मला एका लाकडी पेटीत बसवले. दुर्बिणीतून बघत मूतखडा फोडायला ते शिकवत. शिकाऊ हात एकदम माणसाच्या अंगात कसा जाऊ द्यायचा? म्हणून मी झाले मूत्राशय. पोटात पाणी आणि खड्याच्या जागी खापराचा तुकडा. तोंडातून दुर्बीण घालायची, चिमट्यात तुकडा धरून फोडायचा. चुकून माझी कातडी चिमट्यात सापडली की भोक पडे, टेबलावर पाणी गळे. ज्याच्या हातून पाणी गळेल त्याने रोग्याला हात लावायचा नाही, असा मनोहररावांचा नियम.

दर वेळी वॉर्डातले शालिकराम मला सायकलच्या दुकानात नेऊन ठिगळ लावून आणत. चांगली वस्तू कशाला फेकायची, म्हणत. साऱ्यांना माझे कौतुक. मी मात्र ठिगळागणिक जाड होत गेले.

तशात चारुशीला डॉक्टर शिकायला आल्या. फार मेहनती. हळूहळू पाणी गळायचे थांबले. मनोहरराव खूश झाले. हिंगण्याच्या एका लहान मुलाचा खडा उद्या तुम्हीच फोडा, म्हणाले. चिमटे मला अजून बसत होते, पण जाड ठिगळांवर, म्हणून भोक पडत नव्हते. सांगणार कशी? तोंडात तर दुर्बीण.

संध्याकाळी मुलाची आई प्रेमिला दाराशी आली. दिवसभर ती प्रत्येकाच्या हातांकडेच बघत होती.

"डॉक्टरीणबाई, माह्या लेकरावर हात बसवून राहिल्या का तुम्ही?"

चारुशीलाबाई रागावल्या नाहीत. त्याच्यावर बसवायला नको म्हणून हिच्यावर बसवला, म्हणाल्या. बघा, थेंबही गळत नाही. आणि मला तिच्या हातात दिले.

तापलेले अंग चाचपावे तसे तिने मला चाचपले.

"त्याच्या पोटात असे ठिगळं नाही नं, बाई."

चारुशीलाबाईंनी मला परत घेतले, दाबून पाहिले.  मग मनोहररावांकडे गेल्या.

"सर, उद्या तुम्ही करा. मी शेजारी उभी राहते. माझा हात सुधारला नाही, पिशवी जाड झाली."

मुलगा बरा होऊन आईच्या कडेवर घरी गेला. पेटीत नवी, पातळ पिशवी आली; भोक पडले की ठिगळ न लावता ती बदलायची, असे ठरले. पहिल्याच दिवशी तिच्यातून पाणी गळले. चारुशीलाबाईंनी टेबल पुसले आणि पुन्हा दुर्बीण उचलली.

परवा टपटप थांबली. बाईंनी आधी पिशवी उलटसुलट करून चाचपली. ठिगळ एकही नव्हते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर जपा. पण आमच्यावर हात शिकायचा असेल, तर आम्हांला गळू द्या. आणि थकलो की, माझ्यासारखे, खिळ्याला टांगून ठेवा.